पणजी : वैद्याने सावकाश पाहावयाचे शहर

वैद्यमंडळींनी सहल काढावयाची म्हटली की बेत ठरलेला असतो. एखादा घाट किंवा देवराई, सोबत वनस्पतिशास्त्राचे एखादे प्राध्यापक, आणि परतताना पिशवीत चार-पाच अनोळखी पाने. शहराची सहल आपल्यापैकी बहुतेकांना वेळेचा अपव्यय वाटते. प्रस्तुत लेखकाचेही मत तसेच होते. गतवर्षी मार्गशीर्षात आमच्या जिल्ह्यातील एक औषधीनिर्माते स्नेही घरगुती कार्यासाठी गोव्यास निघाले आणि त्यांनी आग्रहाने मलाही सोबत नेले. कार्य अर्ध्या दिवसात आटोपले. उरलेले तीन दिवस आम्ही पणजीत घालविले. त्या तीन दिवसांत जे पाहिले ते आपल्या व्यवसायाशी इतके निगडित निघाले की ते वैद्यबंधू-भगिनींपुढे आणि औषधालयांच्या चालकांपुढे ठेवणे अगत्याचे वाटले.

पणजीस जाण्यासाठी कोकण रेल्वेचे करमळी स्थानक सर्वांत सोयीचे. तेथून शहर सुमारे दहा किलोमीटर. मांडवी नदी समुद्रास मिळते त्याच्या अलीकडे, नदीच्या डाव्या तीरावर आणि आल्तिनो नावाच्या टेकडीच्या उतारावर हे शहर वसलेले आहे. राजधानीचे शहर असूनही येथे कोणी धावताना दिसत नाही. दुपारी एकच्या सुमारास जुन्या भागातील दुकाने बंद होतात ती साडेतीन-चारपर्यंत उघडत नाहीत. या संथपणास गोमंतकीय मंडळी ‘सुशेगाद’ म्हणतात. शब्द पोर्तुगीजातून आला आहे. देश म्हणाल तर पूर्ण आनूप. नदी, खाजण, तिवरांची दाट बने, विपुल पर्जन्य आणि बाराही महिने हवेतील ओलावा. कफवातप्रधान देशाचे जे वर्णन आपण प्रथम वर्षात पाठ केले, ते येथे स्थानकावर उतरताच त्वचेला जाणवते. म्हणून जाणे हेमंतात किंवा शिशिरात करावे. नोव्हेंबरात चित्रपट महोत्सवामुळे निवासव्यवस्था महाग पडते, तेवढे टाळावे.

उद्यानातील नाव

शहराच्या मध्यभागी, शुभ्र चर्चच्या समोर, नगरपालिकेचे एक लहानसे उद्यान आहे. चर्चच्या नागमोडी पायऱ्यांपुढे छायाचित्र काढून प्रवासी पुढे जातात. उद्यानाकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्या उद्यानास गार्सिया द ओर्ता याचे नाव आहे. आम्ही बाकावर बसलेल्या तीन-चार जणांना हा कोण म्हणून विचारले. एकाने तो पूर्वीचा गव्हर्नर असावा असे सांगितले, इतरांनी मान हलविली. त्यांना हसण्याचे कारण नाही. माझ्या स्नेह्यांनीही हे नाव ऐकलेले नव्हते, आणि मीही ते पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका मित्राच्या टिपणात एकदाच वाचले होते.

ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. १५३४ साली तो भारतात आला आणि १५६८ साली गोव्यातच निवर्तला. त्याचे घर पणजीत नव्हते, जुन्या गोव्यात होते. पणजी तेव्हा एक खेडे होते. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याचे जाणे-येणे होते, आणि मुंबईचे बेट काही काळ त्याच्याकडे पट्ट्याने होते. म्हणजे आपल्या महाराष्ट्राशीही त्याचा संबंध जवळचा. १५६३ साली गोव्यातच छापलेल्या त्याच्या ग्रंथात भारतातील साध्या व मिश्र औषधींवर ५९ संवाद आहेत. भारतात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते. कोरफड, वेलदोडा, कापूर, दालचिनी, भांग, धोतरा, हिरडा, निर्गुडी, चंदन, चिंच, चोपचिनी अशी आपल्या फडताळातील बहुतेक मंडळी त्या संवादांत हजेरी लावतात.

या ग्रंथाची वैद्याला भावणारी गोष्ट अशी की, ओर्ता जुन्या ग्रीक व अरबी आचार्यांचे वचन प्रमाण मानून थांबत नाही. ग्रंथात असे लिहिले आहे खरे, पण मी येथे झाड पाहिले, फळ कापले, तेथील वैद्याला विचारले, असा त्याचा बाणा. आप्तोपदेशापुढे प्रत्यक्षाची कसोटी लावण्याचे धैर्य आपल्यातही दुर्मीळ झाले आहे. पटकीचे त्याने केलेले वर्णन वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. या व्याधीस स्थानिक लोक काय म्हणतात तेही तो नोंदवितो, आणि तो शब्द आपल्याच ‘मोडशी’चे पोर्तुगीज कानाने ऐकलेले रूप आहे. पुढे युरोपीय भाषांत हा शब्द नाना रूपांनी फिरला. आजी ज्या शब्दाने पोटाची तक्रार सांगत असे तो शब्द साडेचारशे वर्षांपूर्वी छापून गेला होता, हे त्या बाकावर बसून आठवताना मौज वाटली.

चोपचिनीचेही असेच. फिरंग व्याधी पोर्तुगीजांसमवेत येथे आला. त्याचे नावच ते सांगते. त्यावरील चोपचिनी चीनहून समुद्रमार्गे आली. ओर्ता तिच्यावर एक संपूर्ण संवाद खर्ची घालतो, आणि त्याच शतकात आपल्या भावमिश्रांनी फिरंगरोग आणि द्वीपांतर वचा या दोहोंना भावप्रकाशात स्थान दिले. आयुर्वेद नवे काही स्वीकारीत नाही असे म्हणणाऱ्यांना हे एक उदाहरण पुरेसे आहे.

मात्र ओर्ताला हे सर्व सांगितले कोणी? त्याच्या ग्रंथात मालुपा नावाचा एक हिंदू वैद्य संवादात भाग घेतो. एवढे एक नाव सोडले तर ज्यांनी झाडे दाखविली, मुळे आणून दिली, पथ्य सांगितले, ती सर्व माणसे अनामिक राहिली. यानंतर शतकभराने कोचीनला डच गव्हर्नराने ‘हॉर्टस मलबारिकस’ सिद्ध करविला. त्यात मलयाळी वैद्य इट्टी अच्युतन यांच्यासह रंगभट, विनायक पंडित आणि आप्पुभट या तिघा कोकणीभाषी विद्वानांची प्रमाणपत्रे त्यांच्या नावानिशी छापली गेली. त्या तिघांचे पूर्वज गोव्याकडून गेलेल्या समाजातले. गोव्यात मात्र मालुपावर प्रकरण संपले. उद्यानात मालुपाच्या नावाची पाटी नाही, याचे वैषम्य वाटल्याखेरीज राहिले नाही.

प्रत्यक्ष व्यवहारात या ‘पंडितांचा’ मान मोठा होता. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्सखोटेन लिहितो की खुद्द व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि मठातील पाद्री आपल्या देशबांधवांपेक्षा हिंदू वैद्यांवर अधिक विश्वास टाकीत. हा विश्वास अधिकाऱ्यांना रुचला नाही. १६१८ साली नगरसभेने परीक्षेची अट घातली आणि हिंदू वैद्यांची संख्या तीसवर मर्यादित केली. नोंदणीचा प्रश्न आपल्या पिढीतच उपटला असे आपण समजतो, ते तितकेसे बरोबर नाही.

ओर्ताचे पुढे काय झाले तेही पणजीतच पाहावयास मिळते. तो मूळच्या ज्यू आणि नंतर ख्रिस्ती झालेल्या कुटुंबातला. त्याच्या मृत्यूनंतर त्याची बहीण कातारीना हिला १५६९ साली धर्मन्यायासनाने जिवंत जाळले, आणि १५८० साली ओर्ताच्या अस्थी उकरून त्याही जाळल्या. फोंताइन्यास या जुन्या वस्तीत संत सेबास्तियनचे लहान चॅपेल आहे. त्यातील क्रूस एके काळी त्या न्यायासनाच्या वास्तूत होता. त्यावरील येशूचे मस्तक उंच आणि डोळे उघडे आहेत. माझे स्नेही बोलघेवडे, परंतु तेथून बाहेर आल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत.

फोंताइन्यास, पुतळा आणि जुने वैद्यक विद्यालय

फोंताइन्यास पायीच पाहावे, सकाळी आठच्या आत. निळी, पिवळी, गेरूच्या रंगाची घरे, लोखंडी सज्जे, खिडक्यांवर शिंपल्यांची तावदाने. आता येथे छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी फार होते आणि रहिवासी त्रासले आहेत. आवाज खाली ठेवावा. वस्तीचे नाव झऱ्यांवरून पडले. मळ्यात फिनिक्सचा झरा आजही दाखवितात. तेथून जवळच टेकडीवर मारुतीचे देऊळ आहे, आणि पलीकडे शहराची ग्रामदेवता महालक्ष्मी.

नदीकाठी आदिलशाही राजवाड्याच्या बाजूस एक विलक्षण पुतळा आहे. झग्यातील एक पाद्री दोन्ही हात पसरून झुकला आहे आणि त्याच्यापुढे एक स्त्री निद्रावश होऊन कलंडली आहे. हे आबे फारिया. जन्म १७५६, कांदोळी. मृत्यू १८१९, पॅरिस. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ साली हा पुतळा घडविला. त्या काळी युरोपात चुंबकीय द्रवामुळे ही निद्रा येते अशी समजूत होती. फारियांनी ती नाकारली आणि निद्रेचे कारण प्रयोगकर्त्याच्या हातात नसून ज्याला निद्रा येते त्याच्या मनात आहे असे प्रतिपादिले. सत्त्वावजय चिकित्सेवर व्याख्यान देणाऱ्यांनी हे नाव अवश्य सांगावे. फारियांनी चरक वाचला होता, असा दावा मात्र कोणी करू नये. आपल्या सभांत अशी वाक्ये फार सहज टाळ्या घेतात.

पुढे कांपालच्या रस्त्यावर जुन्या गोवा मेडिकल कॉलेजची देखणी इमारत लागते. १८४२ साली येथे पोर्तुगीजांनी वैद्यक विद्यालय स्थापिले. महाविद्यालय आता बांबोळीस आहे आणि इमारतीत २००४ पासून चित्रपट महोत्सवाचा कारभार चालतो. बाहेरून पाहून पुढे गेलो. ग्रंथप्रेमी मंडळींनी पाटो येथील मध्यवर्ती ग्रंथालयास अर्धा दिवस द्यावा. त्या संस्थेचा आरंभ १८३२ चा आहे. मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनातील निळ्या फरशांची चित्रे दहा मिनिटांत पाहून होतात.

जनपदोद्ध्वंसाचे उदाहरण

दुसऱ्या दिवशी रायबंदरच्या जुन्या बांधावरून आम्ही जुन्या गोव्यास गेलो. हा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा रस्ता सतराव्या शतकात खाजणातून बांधलेला. एका बाजूस मांडवी, दुसरीकडे मिठागरे. जुन्या गोव्याची चर्चे जागतिक वारशाच्या यादीत १९८६ साली समाविष्ट झाली. त्यांचे वर्णन सर्वत्र उपलब्ध असल्याने येथे करीत नाही. वैद्याने तेथे पाहावयाचे ते वेगळे, आणि ते म्हणजे मधली मोकळी जागा. चर्चांच्या दरम्यान जेथे आज हिरवळ आणि माड आहेत तेथे एके काळी आशियातील मोठ्या शहरांपैकी एक शहर होते. १५१० पासून त्यास शाही रुग्णालय होते, वैद्य होते, आणि सर्व द्वीपांतरांतून उतरणारी औषधी होती. तरीही पटकी व हिवताप यांच्या साथींनी शहर पोखरले. विहिरींचे पाणी सांडपाण्याने दूषित झाले. अखेर १७५९ साली व्हाइसरॉयने आपला निवास पणजीस हलविला आणि १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली.

विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात वायू, उदक, देश आणि काल यांच्या वैगुण्याने संपूर्ण जनपद कसे नष्ट होते ते सांगितले आहे. विद्यार्थ्यांना शिकविताना आपण दरवेळी एखाद्या काल्पनिक गावाचे उदाहरण देतो. त्यापेक्षा शिरोड्याच्या किंवा आपल्याकडील महाविद्यालयांनी मुलांना तेथे हिरवळीवर बसवून हा अध्याय शिकवावा. सेंट पॉल महाविद्यालयाची एक एकाकी कमान रस्त्याकडेला अद्याप उभी आहे. भारतातील पहिले मुद्रणयंत्र १५५६ साली याच महाविद्यालयात आले.

दिवास्वाप आणि आहार

दुपारी परतलो तेव्हा शहर झोपले होते. आम्हीही झोपलो. या बाबतीत काही सुज्ञ वाचक भुवया उंचावतील. ग्रीष्म वगळता दिवास्वाप कफपित्तकर, हे खरेच. आनूप देशात तर अधिकच. परंतु सूत्रस्थानात ज्यांना दिवास्वापाची अनुज्ञा आहे त्यांच्या यादीत प्रवासाने कृश झालेलाही आहे. आम्ही त्या आधाराने तीन दुपारी निःशंक मनाने घालविल्या. सांगावयास संकोच वाटतो, पण गेल्या अकरा वर्षांत मी दवाखाना सलग तीन दिवस बंद ठेवला नव्हता. रुग्णांना मानसिक विश्रांती लिहून देतो. माझा स्वतःचा रक्तदाब मात्र स्नेह्यांनी आग्रह केल्याने तेथेच प्रथम मोजला. तो अपेक्षेपेक्षा बराच अधिक होता. तिसऱ्या सायंकाळी पुन्हा मोजला तेव्हा काहीसा उतरलेला होता. एका माणसाच्या दोन मोजण्यांवरून सिद्धान्त काढण्याचा अधिकार मला नाही. चिकित्सा सुरू केली आहे.

आहारात उकड्या तांदळाची पेज अवश्य शोधावी. सकाळी अकराच्या सुमारास पेज घेण्याची रीत गोमंतकीय घरांत आहे, उपाहारगृहांत ती विरळच मिळते. पेया आणि विलेपी यांतील भेद ज्यांना शिकविता येत नाही त्यांना घरच्या पेजेचे भांडे दाखवावे. बेकरीतील कोंड्याची पोय सकाळीच घ्यावी. मत्स्याहार करणाऱ्यांनी तिरफळ घातलेले बांगड्याचे कालवण चाखावे. आपल्या औषधालयांत येणारे हिमालयातील तेजबल आणि हे तिरफळ एकाच कुळातील सख्खी भावंडे आहेत. जिभेवरची बधिरता ओळख पटविते. फेणीविषयी विचारणा होईलच, म्हणून एवढेच लिहितो : आपली आसवारिष्टे संधानाने स्वयंसिद्ध होतात, फेणी ऊर्ध्वपातनाने काढतात, आणि २००९ पासून काजूच्या फेणीस भौगोलिक मानांकन आहे. काजू ब्राझिलमधून आला, म्हणून संहितांत त्याचा शोध घेऊ नये. गंमत अशी की ओर्ता ज्याला अनाकार्दो म्हणतो तो आपला बिब्बा. पुढे लिनिअसने ते प्रजातिनाम काजूला देऊन टाकले आणि बिब्ब्याकडे ते केवळ जातिनाम म्हणून उरले.

बाजारातील फोड

तिसऱ्या दिवशी सकाळी महापालिकेच्या बाजारात गेलो. ताळगावची वांगी, मोयऱ्याची केळी, माळांत ओवलेली सुकी मासळी, आणि एका कोपऱ्यात कोकमवाल्या बायका. कोकमाला येथे भिरंड म्हणतात. आपले वृक्षाम्ल. त्याचे शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका असल्याने ते गार्सिया द ओर्ताच्या नावावरून पडले असा समज अनेक लेखांत आढळतो. तो चुकीचा आहे. ते नाव लोराँ गार्सँ या निराळ्या वनस्पतिज्ञावरून पडले.

एका वयस्क बाईंकडे सोले घेताना माझे स्नेही सहज म्हणाले, की आमच्याकडे अम्लवेतस येते तेही असेच दिसते. त्यांच्या भ्रमणध्वनीत गोदामातील पोत्याचे छायाचित्र होते; तेच त्यांनी दाखविले. बाईंनी छायाचित्र दूर धरून, जवळ धरून पाहिले आणि म्हणाल्या, “हें भिरंड न्हय, बाब.” मग काय आहे, या प्रश्नावर त्यांनी खांदे उडविले. मी पाहिले तर फोडींची जाडी, कडेचा रंग आणि बीजाची जागा ही ना कोकमाशी जुळत होती, ना ग्रंथांतून अम्लवेतस म्हणून दाखविल्या जाणाऱ्या ईशान्येकडील गार्सिनियाशी. बाजारात अम्लवेतस या एका नावाने काय काय खपते, रेवंदचिनीचे देठदेखील कसे खपतात, हे आपण सर्व जाणतो, आणि चर्चासत्रात संदिग्ध द्रव्य म्हणून त्यावर निबंधही वाचतो.

स्नेही बाजाराच्या पायरीवर बसले. “वैद्यराज, मग माझ्या लवणभास्करात नऊ वर्षे काय पडले?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. ते चूर्ण मीही नऊ वर्षे रुग्णांना देत आलो आहे. गुण येत होता, एवढे म्हणून चालण्यासारखे नव्हते. उरलेल्या घटकांचा तो गुण असू शकतो. बाईंनी मात्र तत्परतेने त्यांना एक पेला कोकमाचे सरबत दिले आणि पैसे घेतले नाहीत.

त्या दुपारी आम्ही झोपलो नाही. रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर गेलो. तेथे सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, सुमारे १.८ चौरस किलोमीटरचे तिवरबन; भरतीच्या वेळा पाहून जावे. पायी जाणाऱ्यांना फेरीस तिकीट पडत नाही. खंड्या दिसला, बगळे दिसले. स्नेह्यांचे लक्ष पक्ष्यांकडे नव्हते. बोटीच्या कठड्याला टेकून त्यांनी कारखान्यात दूरध्वनी केला आणि त्या पोत्यातील माल बाजूला काढून ठेवावयास सांगितले. पुरवठादाराचे नाव विचारून घेतले, खरेदीची तारीख लिहून घेतली. सायंकाळी मीरामारच्या वाळूत बसून आम्ही एक यादी केली. त्यांच्या कारखान्यात येणारी, केवळ नावावर विश्वास ठेवून घेतली जाणारी द्रव्ये किती? रास्ना, भारंगी, मूर्वा, पाषाणभेद, तालीसपत्र. सतरा नावे झाल्यावर अंधार पडला. मांडवीत जुगाराच्या नौकांचे दिवे लागले होते. पणजीस जाणाऱ्यांनी ते दृश्य पाहावेच असे मला वाटत नाही, परंतु ते टाळताही येत नाही.

अम्लवेतसाचा नमुना परतल्यानंतर सूक्ष्मदर्शकीय परीक्षणासाठी पाठविला आहे. यादीतील उरलेल्या सोळा द्रव्यांचे नमुने आमच्या शाखेतील इतर तीन औषधालयांनीही द्यावे अशी विनंती केली आहे. दोघांनी होकार कळविला. निष्कर्ष हाती आल्यावर ते याच पृष्ठांत, अनुकूल असोत वा प्रतिकूल, प्रसिद्ध करण्याची मुभा संपादकांनी द्यावी.